स्वमग्न मुलासोबतचा नाताळ : आगमनकाळापासून तीन राजांच्या सणापर्यंत

नाताळात स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाचं बिनसलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "सगळी मुलं मजेत आहेत, ह्यालाच काय झालंय?" झालेलं असतं बरंच काही. शाळा बंद पडलेली असते, म्हणजे दिवसाचा कणाच निघून गेलेला असतो. त्याची बसायची ठरलेली जागा झाडाने बळकावलेली असते. दिवे उघडझाप करत असतात, कपडे नवे आणि टोचरे असतात, घरात परकी माणसं आणि परके वास असतात, झोपायची वेळ रोज थोडी पुढे सरकत असते. त्यात भर म्हणजे, त्याने आनंदी दिसावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली, तेव्हाच सगळं जसंच्या तसं राहावं ही या मुलांची तीव्र ओढ त्यांनी नोंदवून ठेवली होती. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांचा अतोनात त्रास होणं किंवा उलट ते फारच कमी जाणवणं, हे निदानाच्या निकषांत मात्र पुष्कळ उशिरा आलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीची पाचवी आवृत्ती निघाली तेव्हा, २०१३ साली. सण नेमका या दोन्ही दुखऱ्या जागांवर पडतो. म्हणून इथे मी मुलाला सणासाठी 'तयार' करण्याबद्दल कमी आणि सण मुलाच्या मापाने बेतण्याबद्दल जास्त लिहिते आहे. ख्रिस्ती घराला हे अवघड वाटायचं कारण नाही. देव आपल्यात आला तो आपल्या मापाचा होऊन, तान्हं बाळ होऊन आला, यालाच तर आपण नाताळ म्हणतो.

आधी नवराबायकोने कागद घेऊन बसायचं

नोव्हेंबरच्या शेवटी, मूल झोपल्यावर, डिसेंबरभर आपलं घर काय काय करतं ते सगळं लिहून काढा. झाड, गव्हाणीचा देखावा, कॅरोल गाणाऱ्यांचं येणं, २४ तारखेच्या रात्रीची उपासना किंवा मिस्सा, २५ची उपासना, नातेवाइकांकडचं जेवण, मंडळीचा कार्यक्रम, शब्बाथशाळेचं नाटक, भेटवस्तू, वर्षअखेरची जागरण-प्रार्थना. यादी होईल तेवढी होऊ द्या. मग प्रत्येक ओळीपुढे खरं कारण लिहा: हे आपण श्रद्धेपोटी करतो, आवडतं म्हणून करतो, की नाही केलं तर लोक काय म्हणतील म्हणून करतो?

तिसऱ्या कारणाच्या ओळी आधी खोडायच्या. दुसऱ्या कारणाच्या ओळींमधल्या, मुलाला झेपतील त्या ठेवायच्या. पहिल्या कारणाच्या ओळी बहुतेक घरांत जेमतेम बोटांवर मोजण्याइतक्या निघतात, आणि त्याही छोट्या करता येतात. लूकच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या नाताळची सामग्री पाहिली तर एक जोडपं, एक बाळ, एक गव्हाण आणि रात्रपाळीवरचे मेंढपाळ, एवढीच भरते.

कॅथलिक घरांत एक जादाची टोचणी असते, मिस्सा चुकली तर पाप लागेल ही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, २१८१ क्रमांकाच्या परिच्छेदात, गंभीर कारणाने या बंधनातून मोकळीक मिळते असं स्पष्ट म्हटलं आहे, आणि उदाहरणं दिली आहेत ती आजारपणाची आणि तान्ह्या मुलांच्या देखभालीची. आपल्या मुलाची परिस्थिती फादरांच्या कानावर आधीच घाला, म्हणजे ऐनवेळी मनात धाकधूक उरत नाही. शिवाय २४च्या संध्याकाळची मिस्सा ही नाताळचीच मिस्सा असते; मध्यरात्रीपर्यंत मुलाला जागं ठेवलंच पाहिजे असं कुठेही नाही.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट आपापसांत बोलून घ्या, कारण सणात ती कुणीतरी काढणारच: "प्रार्थना कमी पडतेय", "घराण्यात काही पाप असेल", "उपास धरा, सुटेल". योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी हाच प्रश्न जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारला होता, आणि याचंही पाप नाही, याच्या आईबापांचंही नाही, असं प्रभूने त्यांना रोखठोक सांगितलं. दोघांपैकी कोण आणि कोणत्या शब्दांत उत्तर देणार ते आधीच ठरलेलं असलं की जेवणाच्या ताटावर वाद होत नाहीत. आमच्याकडे ठरलेलं वाक्य आहे, "योहान नऊ वाचा, मग बोलू." ते नेहमी माझा नवरा म्हणतो, त्याचा आवाज शांत राहतो, माझा राहत नाही.

आगमनकाळ म्हणजे चार आठवड्यांची आयती पायवाट

चर्चने नाताळ कधीच एका दिवसात उरकलेला नाही. आधी चार रविवारांचा आगमनकाळ, मग नाताळ, आणि तिथून ६ जानेवारीला तीन राजांचा सण. हळूहळू येणारा आणि हळूहळू जाणारा हा सण स्वमग्न मुलाला एकदम कोसळणाऱ्या सणापेक्षा कितीतरी सोयीचा आहे. त्याचा पुरेपूर उपयोग करा.

पहिल्या रविवारी चार मेणबत्त्यांचं आगमनचक्र ठेवा आणि फक्त पहिली लावा. मुलाला चार जागा दिसतात, एक पेटलेली दिसते. वेळ डोळ्यांना दिसायला लागते. ज्यांना उष्णता कमी जाणवते किंवा ज्योतीचं वेड असतं अशा मुलांसाठी बॅटरीवरच्या मेणबत्त्या वापरा, त्याने उपासनेत काही उणं येत नाही. रोज तीच जागा, तीच वेळ, तीच एक ओळीची प्रार्थना. प्रार्थना बदलू नका. आपल्याला तोचतोपणाचा कंटाळा येतो, पण त्याच्यासाठी तोचतोपणा हाच प्रार्थनेचा दरवाजा असतो.

घराची सजावट टप्प्याटप्प्याने चढवा. पहिल्या आठवड्यात झाड नुसतं उभं करा, आणि तेही त्याच्या खुर्चीची, त्याच्या फिरायच्या वाटेची जागा सोडून. दुसऱ्या आठवड्यात दिवे, एका जागी स्थिर जळणारे. लुकलुकणारा मोड बंदच ठेवा. तिसऱ्यात लटकवायच्या वस्तू, त्यातही त्याच्या हाताच्या उंचीवर कापडाच्या आणि लाकडाच्या. गाणी वाजवणारी खेळणी, चमकणारे शोभेचे तुकडे यांत बटणासारखे चपटे सेल असतात. वस्तू तोंडात घालणारं मूल असेल तर हे सेल घरात आणूच नका. असा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, त्यामुळे 'बघू सकाळी' न म्हणता तडक रुग्णालय गाठावं लागतं.

गव्हाणीच्या देखाव्याबद्दल थोडं सैल राहा. आमचा मुलगा मेंढपाळ, मेंढ्या, उंट आणि योसेफ यांना उंचीच्या क्रमाने भिंतीलगत एका रांगेत लावतो आणि बाळाची मूर्ती २५ तारीख उजाडेपर्यंत डबीत बंद ठेवतो, कारण "अजून जन्म झाला नाही". पाहुण्यांना ती रांग विचित्र वाटते. मला विचाराल तर आगमनकाळाचा अर्थ आमच्या घरात त्याच्याइतका काटेकोर कुणी पाळत नाही. मूर्तींचे दोन संच ठेवा: एक बघायचा, एक हाताळायचा. हाताळायच्या संचात हरवलं-मोडलं तर ओरडायचं नाही.

सुट्टीच्या दिवसांना हाडं द्या

सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात सुट्टीचं वेळापत्रक बनवायला घ्या. उठणं, दात घासणं, तीन जेवणं, झोप, आणि शाळेच्या वेळेत शाळेसारखा एखादा बसून करायचा उपक्रम, एवढ्या गोष्टी रोज त्याच वेळी. यांना हात लावायचा नाही, पाहुणे आले तरी नाही. मधल्या जागा बदलू शकतात.

वेळापत्रक चित्रांचं असू द्या, मूल वाचू शकत असलं तरी. अस्वस्थ डोक्याला वाचलेलं समजायला वेळ लागतो, चित्र पटकन पोचतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९७२ साली सुरू झालेल्या टीच कार्यक्रमाने चित्रांच्या वेळापत्रकाची ही पद्धत जगभर नेली, आणि आज जवळपास प्रत्येक विशेष शाळेत ती दिसते. घरी करायला जाड पुठ्ठा, वेल्क्रोची पट्टी आणि स्वतःच्या फोनमधले फोटो पुरतात. इंटरनेटवरचं कुठल्यातरी चर्चचं चित्र नको, आपल्याच चर्चच्या दाराचा फोटो हवा. एक काम झालं की मूल चित्र काढून खालच्या पाकिटात टाकतं.

या पट्टीवर एक कार्ड ठळक रंगाचं ठेवा: 'बदल'. ते लावलं की त्या जागी ठरल्यापेक्षा वेगळं काहीतरी होणार. या कार्डाची सवय सण यायच्या आधी करायची, आणि सुरुवात गोड बदलांनी करायची. 'गणिताचा कागद' काढून त्या जागी 'बदल: झोका'. असं पुष्कळ वेळा झाल्यावरच 'बदल: आत्या आज येणार नाही' हे लावायचं धाडस करा. कार्ड पहिल्यांदाच वाईट बातमी घेऊन आलं तर ते कार्डच शत्रू होऊन बसतं.

औषधं चालू असतील तर सुट्टीभर पुरतील इतकी आधीच आणून ठेवा. आणि अचानक वागणं बिघडलं तर सणाला दोष देण्याआधी दात, कान, घसा आणि पोट तपासा. बोलून न सांगता येणाऱ्या मुलाचं बद्धकोष्ठ कितीदा तरी 'हट्ट' म्हणून खपवलं जातं.

त्याच्यासाठी गोष्ट लिहा

कॅरल ग्रे या शिक्षिकेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सोशल स्टोरी ही पद्धत पुढे आणली. येऊ घातलेल्या प्रसंगाची छोटी, खरी, मुलाच्या बाजूने सांगितलेली गोष्ट. त्यात सूचना कमी आणि वर्णन जास्त असतं. 'असं वागलंच पाहिजे' ही भाषा आली की ती गोष्ट राहत नाही, दटावणी होते. 'नक्की', 'नेहमी' यांसारखे शब्दही टाळा, कारण तुम्ही 'नऊ वाजता नक्की संपेल' लिहिलंत आणि प्रवचन लांबलं तर खोटं ठरणार तुम्ही.

२४च्या संध्याकाळसाठी अशी लिहिता येईल:

"रविवारी आम्ही सकाळी चर्चला जातो. २४ तारखेला आम्ही संध्याकाळी चर्चला जाणार आहोत. बाहेर अंधार असेल. चर्चमध्ये बहुतेक नेहमीपेक्षा जास्त लोक असतील. लोक येशूच्या वाढदिवसाची गाणी मोठ्याने म्हणतात. काही मुलांना मोठा आवाज आवडतो, काहींना आवडत नाही. दोन्ही चालतं. आवाज जास्त वाटला तर मी हेडफोन लावू शकतो. बाहेर जावंसं वाटलं तर मी बाबांना निळं कार्ड देऊ शकतो. बाबा माझ्याबरोबर बाहेर येतील. मग आम्ही घरी येऊ. घरी माझ्या रेल्वेगाड्या असतील."

आपल्याच चर्चचे फोटो चिकटवा, आठ-दहा दिवस आधीपासून रोज एकदा, शांत वेळी वाचा. रडारड सुरू असताना गोष्ट काढून वाचायला बसू नका.

चर्च

आधी फोन. पाळक असोत किंवा फादर, त्यांना नेमकं विचारा: एकूण किती वेळ चालेल? मोठा स्पीकर कोणत्या बाजूला आहे? दिवे मालवून मेणबत्त्या लावणार आहात का, आणि कधी? धूप असेल का? घंटा किंवा ढोल अचानक वाजणार आहेत का? दाराजवळची एखादी खोली रिकामी मिळेल का? 'आमच्या मुलाला जरा सांभाळून घ्या' असं मोघम सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विसरतात. नेमका प्रश्न विचारला की कुणीतरी नेमकं काम अंगावर घेतं.

मधल्या वारी, चर्च रिकामं असताना मुलाला घेऊन जा. बसायचा बाक त्यालाच निवडू द्या. कडेचा, दाराजवळचा, स्पीकरपासून लांबचा, भिंतीलगतचा असेल तर उत्तम, म्हणजे एका बाजूने तरी कुणी अंगावर येत नाही. बाकापासून दारापर्यंत आणि दारापासून त्या शांत खोलीपर्यंत त्याला चालवून आणा. ही वाट पाय ओळखत असले की घाबरलेलं मूलही ती शोधतं.

त्या दिवशीची पिशवी अशी: आवाज अडवणारे हेडफोन, हातात फिरवायला त्याची आवडती वस्तू, चघळायची लागत असेल तर ती, पाण्याची बाटली, ठरलेला खाऊ, टोपी किंवा रंगीत चष्मा, सगळ्या चित्रकार्डांचा जुडगा, एक जोड जुने मऊ कपडे. नवे कपडे घालायचेच असतील तर आधी दोन-तीनदा धुऊन, मागची पट्टी कापून, घरी घालून बघितलेले असावेत. तरी नको म्हणाला तर जुने.

पहिल्याच वर्षी पूर्ण उपासनेचा हट्ट धरू नका. शेवटची पंधरा मिनिटंच हजर राहणं हा उत्तम मार्ग आहे, कारण मूल प्रसंग संपताना बघतं आणि सगळ्यांबरोबर बाहेर पडतं. अर्ध्यावरून उठवून आणल्यासारखं होत नाही. दोन गाड्यांनी किंवा दोन खेपांत जा, म्हणजे एक पालक मुलाला घेऊन परत येऊ शकतो आणि दुसरा भावंडांबरोबर थांबतो. पुढच्या वेळी अदलाबदल. दरवर्षी आईच बाहेरच्या पायरीवर बसलेली दिसते, हे काही बरोबर नाही.

शांतीची देवाणघेवाण ही बेसावध क्षणाची जागा. एकदम चार दिशांनी हात पुढे येतात. शेजारच्या बाकांना आधीच सांगून ठेवा की हा हात मिळवणार नाही, त्याला नुसतं हसून चालेल. प्रभुभोजनाच्या भाकरीचा पोत तोंडात सहन होत नसेल तर कॅथलिक पालकांनी फादरांकडून न आशीर्वादलेली पापडी घेऊन घरी सराव करावा. अगदी बारीक तुकडाही पुरेसा असतो, त्यातही ख्रिस्त संपूर्ण आहे हीच चर्चची शिकवण आहे.

नाटकात भाग घ्यायचा असेल तर संवाद नसलेली आणि काम असलेली भूमिका मागा. तारा ओढायची दोरी धरणं, पडदा सरकवणं, मेंढी होऊन कोपऱ्यात बसणं. टोप्या-दाढ्या नकोत. ऐनवेळी 'नको' म्हणाला तर नको; शिक्षिकेने त्या भूमिकेसाठी दुसरं मूल मनात धरून ठेवलेलं असावं.

आणि मूल मध्येच ओरडलं, वेदीकडे धावलं तर? २८ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हॅटिकनमधल्या बुधवारच्या सभेत बोलता न येणारा एक लहान मुलगा थेट व्यासपीठावर चढला, पहाऱ्यावरच्या स्विस गार्डचा हात ओढू लागला, पोप फ्रान्सिस यांच्या खुर्चीभोवती हुंदडला. आई त्याला न्यायला धावली, तर पोपनी त्याला खेळू द्या म्हणून सांगितलं. मग सभेला म्हणाले त्याचा आशय असा: हा बोलू शकत नाही, पण त्याला व्यक्त होता येतं, तो मोकळा आहे, देवापुढे मी इतका मोकळा आहे का? एखाद्या ज्येष्ठाने मागे वळून बघितलं तर हा प्रसंग सांगायला हरकत नाही.

मूल ऐकत नाही असं गृहीत धरू नका, हेही इथेच सांगते. आमचा मुलगा चर्चमध्ये पूर्ण वेळ पाठ फिरवून, कान झाकून, बाकाच्या लाकडावरच्या रेषा बोटाने गिरवत बसतो. नंतर कधीतरी आंघोळीच्या वेळी तीच कॅरोल पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकू येते, मध्येच पाळकांच्या खोकल्यासह.

पाहुणे, आणि आपण पाहुणे असताना

पहिल्या नाताळलाही सगळे पाहुणे एकदम आले नव्हते. मेंढपाळ त्या रात्री आले आणि लगेच परतले. मागी लोक, म्हणजे ज्यांना आपण तीन राजे म्हणतो ते, पुढे कधीतरी आले, आणि मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे ते घरात आले. तुम्हीही तसंच करा. २५ तारखेला सगळ्यांना बोलावण्यापेक्षा नाताळपासून तीन राजांच्या सणापर्यंतच्या बारा दिवसांत, एका वेळी एक घर.

नातेवाइकांना आधी निरोप पाठवा, फोनवर बोलण्यापेक्षा लिहून. साधारण असा:

"तुम्ही येताय याचा आनंद आहे. त्याच्यासाठी थोडं सांगून ठेवतो. आल्या आल्या त्याला जवळ घेऊ नका, पापा मागू नका. तो आपणहून येईल किंवा येणार नाही. तो डोळ्यांत बघून बोलला नाही तरी ऐकत असतो. तो आपला डबाच खाईल, आग्रह नको. खोलीत जाऊन दार लावलं तर त्याला विश्रांती हवी आहे, रागावलेला नाही. आपण आठ वाजता आटपू."

आठ म्हटलं की आठ. मोठ्यांना वाईट वाटेल म्हणून जेवण लांबवलं की त्याची किंमत रात्री दोन वाजता मूल चुकवतं, आणि तुम्हीही.

दुसऱ्यांच्या घरी जाताना आधी त्या घराचे फोटो मागवा, आणि पोचल्यावर सगळ्यात आधी त्याची शांत जागा ठरवा. मग घराची दारं आणि फाटक बघा. अमेरिकेतल्या २०१२ सालच्या एका मोठ्या पाहणीत चार वर्षांवरच्या स्वमग्न मुलांपैकी जवळपास निम्म्यांनी कधी ना कधी पळून जायचा प्रयत्न केल्याचं पालकांनी सांगितलं होतं. गर्दीच्या घरात हे सहज होतं, कारण प्रत्येकाला वाटतं मूल दुसऱ्याकडे आहे. त्यामुळे ठरलेल्या वेळेला ठरलेला माणूस: "अर्धा तास तू, मग मी", असं तोंडाने म्हणून, समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हटल्यावरच जबाबदारी सुटते. जवळ विहीर, तळं, पोहण्याचा तलाव असेल तर तिकडे एक माणूस लक्ष ठेवून असू द्या, आणि मूल दिसेनासं झालं तर शोध पाण्यापासून सुरू करा. मुलाच्या हातात फोन नंबर असलेली पट्टी आणि तुमच्या फोनमध्ये त्याचा त्याच दिवशीच्या कपड्यांतला फोटो असावा.

भेटवस्तूंचं थोडक्यात: कागद न गुंडाळता दिल्या तरी चालतात, आत काय आहे ते आधी सांगितलं तरी चालतं, आणि एका दिवशी एक अशा बारा दिवस पुरवल्या तर फारच उत्तम. 'थँक यू' म्हणायला लावू नका. तुम्हीच त्याच्या वतीने म्हणा.

मेल्टडाउन आला तर

हट्ट आणि मेल्टडाउन यांतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. हट्ट करणारं मूल तुमच्याकडे बघतं, आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमधल्या मुलाला काही मिळवायचं नसतं. त्याची सहन करायची ताकद संपलेली असते. हवी ती वस्तू हातात दिली तरी तो थांबत नाही. काही मुलं याच्या उलट, एकदम मिटतात, बोलणं बंद, हालचाल मंद. त्यांना लोक 'शहाणं बाळ' म्हणतात, पण तोही तितकाच थकवा असतो.

खुणा आधी दिसतात. येरझाऱ्या वाढतात, तेच वाक्य पुन्हापुन्हा येतं, कान लाल होतात, हात कानांवर जातात, हसू विनाकारण वाढतं. प्रत्येक मुलाच्या वेगळ्या. त्याच क्षणी उठा. 'हे एवढं गाणं होऊ दे' म्हणू नका.

सुटलंच हातून, तर आवाज आणि माणसं कमी करा. एकच मोठा माणूस जवळ थांबेल, बाकीचे बाहेर. बोलणं जवळजवळ बंद, बोलायचंच तर दोन-तीन शब्द, हळू: "मी आहे इथे." प्रश्न नकोत. धरून ठेवू नका, फक्त धोक्याच्या वस्तू दूर करा. खोल दाब आवडणारं मूल असेल तर त्याचं जड पांघरूण जवळ ठेवा, अंगावर टाकू नका. संपल्यावर पाणी, अंधार, झोप. झाल्या प्रकाराची चर्चा त्या दिवशी नाही, शिक्षा तर कधीच नाही.

ख्रिस्ती घरांत इथे एक खास अडचण येते. कळवळून चार माणसं धावतात, डोक्यावर हात ठेवतात आणि मोठ्याने प्रार्थना सुरू करतात. हेतू चांगला असतो, पण त्या क्षणी मुलाला आवाज आणि स्पर्श हेच सोसत नसतात. त्यांना दाराबाहेर नेऊन सांगा, "प्रार्थना जरूर करा, पण इथून, आणि मनात." कुणाला हे श्रद्धेच्या विरुद्ध वाटलं तर मार्कचा सातवा अध्याय उघडून द्या. बहिऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या माणसाला बरं करण्याआधी येशूने त्याला गर्दीतून बाजूला, एकांतात नेलं. बरं केलं ते त्यानंतर.

भावंडं आणि तुम्ही

भावंडांना त्यांचा एक तरी पूर्ण नाताळ द्या: शेवटपर्यंतची उपासना, कॅरोलच्या फेरीबरोबर हिंडणं, मित्राकडचं जेवण. सोबतीला एक पालक, ज्याचा फोन बंद आहे. त्यांना भावाचा राग आला तर येऊ द्या, त्यावर लगेच वचन म्हणून दाखवू नका.

स्वतःसाठी मंडळीकडे मदत मागताना काम सांगा. "प्रार्थनेत आठवण ठेवा" एवढ्यावर थांबू नका. "शनिवारी चार ते सहा आमच्याकडे येऊन बसाल का, आम्हाला झोपायचंय" असं म्हणा. एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून खायला घातलं, पुन्हा झोपू दिलं. १ राजे १९ मधला हा क्रम डिसेंबरात फार कामाचा आहे. मंद, शांत वाणी त्यानंतर येते, वारा, भूकंप आणि अग्नी यांच्या नंतर. डिसेंबरात स्वतःचं बायबलवाचन एका ओळीवर आलं तरी चालेल. काही दिवस तेही होत नाही.

सण उतरवताना

जानेवारीत एका रात्रीत झाड गायब करू नका. चढवताना जसे टप्पे केले तसेच उतरवताना: आधी लटकवायच्या वस्तू, मग दिवे, मग झाड, आणि प्रत्येकाची तारीख पट्टीवर. तीन राजांच्या सणाला देखावा आवरायचा असेल तर मूर्ती डब्यात ठेवायचं काम त्यालाच द्या, त्याच्या क्रमाने. शाळा सुरू व्हायच्या तीन-चार दिवस आधीपासून उठायची वेळ शाळेच्या वेळेकडे सरकवा, दप्तर आणि गणवेश दिसेल असा बाहेर काढून ठेवा, जमल्यास शाळेच्या फाटकापर्यंत एकदा चालून या.

आणि आवराआवर चालू असतानाच एका वहीत लिहून टाका: कोणतं गाणं सोसलं, किती वेळ बसला, कुणाकडे पुन्हा जायचं नाही, कोणत्या बाकावर बरं वाटलं, कोणता हेडफोन टोचला. वही झाडाच्याच खोक्यात टाका. पुढच्या नोव्हेंबरात खोकं उघडाल तेव्हा कागद घेऊन बसायच्या कामाला तिथूनच सुरुवात करता येईल.